मिस्टर बँक्स कोणाचे? एका रूपांतराचा प्रकरण अभ्यास

२७ ऑगस्ट १९६४ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसमधील ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये ‘मेरी पॉपिन्स’ या चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा नुकतीच पासष्ट वर्षे पूर्ण केलेल्या एक लेखिका प्रेक्षागृहात बसून रडत होत्या. ज्या पुस्तकांवरून हा चित्रपट निघाला ती पुस्तके त्यांची होती. खेळाचे निमंत्रण मात्र डिस्ने स्टुडिओने आपणहून धाडलेले नव्हते, ते त्यांनी मागून घेतले होते. पामेला लिंडन ट्रॅव्हर्स यांचे ते रडणे आनंदाचे होते, दुःखाचे होते की संतापाचे, या प्रश्नाला एकोणपन्नास वर्षांनी त्याच स्टुडिओने आणखी एक चित्रपट काढून उत्तर दिले. २०१३ साली आलेला ‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’ हा तो चित्रपट. लहान मुलांच्या एका लाडक्या पुस्तकाचे पडद्यावर रूपांतर होत असताना लेखिका आणि निर्माता यांच्यात काय घडले, हा त्याचा विषय आहे.

या लेखात अभ्यासासाठी घेतलेली परिस्थिती एकच आहे: १९६१ च्या वसंतात कॅलिफोर्नियातील बर्बँक येथील स्टुडिओत भरलेल्या पटकथेच्या बैठका. पटकथेला संमती देण्याचा अधिकार लेखिकेच्या हाती असूनही पुस्तक तिच्या हातून कसे निसटले, आणि त्या निसटण्याची गोष्ट पुढे सांगताना चित्रपटाने तिच्या आक्षेपांचे काय केले, हे दोन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. माझे मत आधीच सांगतो. ‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’ हा मनापासून केलेला, अभिनयाने समृद्ध असा चित्रपट आहे. पण एका लेखिकेची कारागिरीची समज ही तिच्या बालपणीच्या जखमेची खूण होती असे तो सुचवतो, आणि तिथे त्याच्या हातून अन्याय होतो.

पुस्तक आणि त्यामागचे घर

ट्रॅव्हर्स यांचे मूळ नाव हेलन लिंडन गॉफ. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९९ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात मेरिबरो येथे झाला. वडील ट्रॅव्हर्स गॉफ बँकेत व्यवस्थापक होते. दारूच्या व्यसनापायी त्यांची घसरण झाली, व्यवस्थापकाचे पद गेले, आणि कुटुंब अलोरा नावाच्या लहानशा गावी आले. १९०७ च्या फेब्रुवारीत ते वारले तेव्हा ही मुलगी सात वर्षांची होती. पुढे रंगभूमीवर काम करताना तिने वडिलांचे पहिले नाव आपले आडनाव म्हणून घेतले, ते जन्मभर ठेवले आणि १९२४ साली ती इंग्लंडला निघून गेली. त्यांच्या पुस्तकातील मुलांचे वडील मिस्टर बँक्स बँकेत कामाला जातात, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. चित्रपटाचा सगळा डोलारा याच जाणिवेवर उभा आहे आणि ती जाणीव खरी आहे.

१९३४ मध्ये आलेल्या पहिल्या पुस्तकाचे स्वरूप मात्र नीट लक्षात घ्यायला हवे, कारण पुढचा सारा तंटा त्यातूनच निघाला. बँक्स कुटुंबातील मुलांना सांभाळणारी दाई मेरी पॉपिन्स पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येते. ती दिसायला साधी, बोलायला तुटक आणि स्वतःच्या रूपावर खूश असणारी आहे; दुकानाच्या काचेत आपले प्रतिबिंब पाहायला ती थांबते. ती मुलांचे लाड करत नाही. एखादा चमत्कार घडून गेल्यावर मुलांनी त्याविषयी विचारले, तर तसे काही घडलेच नाही असे ती फटकारून सांगते. पुस्तकाला सलग कथानक नाही. प्रत्येक प्रकरण आपापल्या पायावर उभे आहे, आणि कोणाचेही हृदयपरिवर्तन घडवून आणणे हे या दाईचे काम नाही.

या पुस्तकातील एक प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यात बँक्स कुटुंबातील जुळी तान्ही मुले, जॉन आणि बार्बरा, वाऱ्याची, सूर्यप्रकाशाची आणि खिडकीत येणाऱ्या एका पक्ष्याची भाषा समजू शकतात. मोठी माणसे ही भाषा विसरलेली असतात, तुम्हीही विसराल, असे त्यांना सांगितले जाते; त्यावर ती संतापतात, आम्ही नाही विसरणार म्हणतात. मग दात येतात, वाढदिवस होतो, आणि पक्षी पुन्हा येतो तेव्हा त्याचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पक्षी दुःख लपवण्याचा प्रयत्न करतो आणि उडून जातो. येथे कोणाचा दोष नाही, त्यामुळे कोणाला सुधारायचे नाही, आणि झालेली हानी भरूनही निघत नाही. १९६४ च्या चित्रपटात हे प्रकरण नाही, आणि ती जुळी मुलेही नाहीत. फक्त जेन आणि मायकेल ही मोठी भावंडे उरली. पात्रे कमी करणे ही पटकथेची नेहमीची गरज असते, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु या वगळण्याबरोबर पुस्तकाचा एक संपूर्ण स्वरच गेला. हानी होते आणि ती तशीच राहते, असे मुलांना सांगण्याची हिंमत त्या स्वरात होती.

हक्कांचा व्यवहार

वॉल्ट डिस्ने यांच्या मुलींना हे पुस्तक आवडत असे आणि त्यावर चित्रपट काढण्याचा शब्द त्यांनी मुलींना दिला होता. १९३८ च्या सुमारास त्यांनी हक्कांसाठी विचारणा सुरू केली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ट्रॅव्हर्स न्यूयॉर्कमध्ये असताना वॉल्ट यांचे भाऊ रॉय डिस्ने त्यांना जाऊन भेटले, पुढे वॉल्ट स्वतः लंडनला भेटून आले. नकार कायम राहिला. आपल्या दाईचे व्यंगचित्रपटातील पात्र होईल ही ट्रॅव्हर्स यांची मुख्य भीती होती, आणि त्या काळी डिस्ने हे नाव कशासाठी ओळखले जात होते हे पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही. अखेर १९६० मध्ये करार झाला: १ लाख डॉलर, उत्पन्नात ५ टक्के वाटा, आणि त्या काळच्या हॉलिवूडमध्ये लेखकाला क्वचितच मिळणारी एक गोष्ट, ती म्हणजे पटकथेला संमती देण्याचा अधिकार.

या ठिकाणी २०१३ चा चित्रपट इतिहासापासून पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात दूर जातो. चित्रपटात ट्रॅव्हर्स हक्कांच्या कागदावर सही न करताच लॉस एंजेलिसला येतात, आणि त्या सही करतील की नाही या प्रश्नावर सगळा ताण उभा राहतो. वास्तवात त्या बर्बँकला पोहोचल्या तेव्हा हक्कांचा व्यवहार पुरा झाला होता. नाट्यासाठी केलेला हा बदल क्षम्य आहे असे पुष्कळांना वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण त्यामुळे त्या खोलीतील सत्तेचा तोल उलटा दिसतो. चित्रपटातील ट्रॅव्हर्स सर्व काही अडवू शकतील अशा जागी बसलेल्या आहेत, म्हणून त्यांची प्रत्येक हरकत हट्टासारखी दिसते. प्रत्यक्षातील ट्रॅव्हर्स पुस्तक देऊन बसल्या होत्या आणि जे वाचवता येईल ते शब्दाशब्दाने वाचवू पाहत होत्या. एकच वाक्य या दोन परिस्थितींत दोन वेगवेगळ्या अर्थांनी ऐकू येते.

बर्बँकमधील बैठका

एप्रिल १९६१ मध्ये ट्रॅव्हर्स स्टुडिओत आल्या तेव्हा त्यांच्यासमोर पटकथाकार डॉन डाग्राडी आणि गीतकार-संगीतकार बंधू रिचर्ड व रॉबर्ट शर्मन होते. वॉल्ट डिस्ने सुरुवातीला भेटले आणि नंतर पाम स्प्रिंग्जला निघून गेले. पाहुणीचा सामना करण्याचे काम या तिघांवर पडले. २०१३ च्या चित्रपटात डिस्ने वारंवार दिसतात, लेखिकेला डिस्नेलँडमध्ये फिरवतात, तिच्याशी मनातले बोलतात. यातील बहुतेक सर्व रचलेले आहे. ट्रॅव्हर्स यांना ने-आण करणारा आणि त्यांचा मित्र होणारा मोटारचालक राल्फ हेही काल्पनिक पात्र आहे, जरी पॉल जिआमाटी यांनी ते इतक्या शांतपणे उभे केले आहे की चित्रपटातील सर्वांत विश्वसनीय माणूस तोच वाटतो.

बैठकीपूर्वी बरेच काही ठरून गेले होते, याकडे लक्ष वेधायला हवे. डिस्ने यांनी शर्मन बंधूंना पुस्तक वाचायला दिले होते. त्यांनी चित्रपटासाठी निवडलेली प्रकरणे आणि डिस्ने यांनी स्वतःच्या प्रतीत खूण केलेली प्रकरणे एकच निघाली, ही रिचर्ड शर्मन यांची आवडती आठवण होती. पुस्तकातील १९३० च्या दशकातील लंडन मागे नेऊन १९१० चे करावे, म्हणजे इंग्रजी म्युझिक हॉलच्या (गाणी आणि विनोद असलेल्या लोकप्रिय रंगमंचीय कार्यक्रमांच्या) ढंगाची गाणी घालता येतील, ही सूचना शर्मन बंधूंची. मिसेस बँक्स यांना स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत घालण्याचे आणि मुलांकडे दुर्लक्ष करणारा बाप हा कथेचा कणा करण्याचे कामही स्टुडिओतच झाले. रूपांतर म्हणून पाहिले तर हे निर्णय कल्पक आहेत. सुटी सुटी प्रकरणे दोन तासांच्या चित्रपटात बांधायला काहीतरी सूत्र लागते, आणि ‘बाप घरी परततो’ हे सूत्र भक्कम आहे. पण ट्रॅव्हर्स यांना तपासायला मिळाली ती अशी कथा, जिचा पाया आधीच घातला गेला होता. भिंतींच्या रंगाविषयी त्यांचे मत विचारले गेले. घर कोठे बांधायचे हे विचारले गेले नाही.

या बैठका ध्वनिमुद्रित झाल्या आणि त्या फिती टिकून आहेत. एमा थॉम्पसन यांनी ट्रॅव्हर्सची भूमिका करण्यापूर्वी त्या ऐकल्या, आणि त्यांच्या आवाजातील ती धार, वाक्य मध्येच तोडून दुरुस्ती सांगण्याची ती पद्धत त्यातून आलेली आहे. चित्रपटात या दृश्यांना विनोदाची डूब आहे: लेखिका बनावट शब्दांवर चिडते, बँक्स यांच्या घराचे चित्र पाहून ते फार श्रीमंती आहे म्हणते, मिस्टर बँक्स यांना मिशी नको असे बजावते, चित्रपटात लाल रंग अजिबात नको असे सांगते. प्रेक्षक हसतात, कारण समोर तीन थकलेली, भली माणसे बसलेली दिसतात.

यातील बऱ्याच हरकतींकडे संपादकाच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? घर किती मोठे, नोकर किती, दाई कोणत्या स्वरात बोलेल, कोणता शब्द इंग्रज घरात उच्चारला जाईल आणि कोणता जाणार नाही, हे सर्व प्रश्न वर्गाचे आणि भाषेचे आहेत. बँक्स कुटुंब हे ओढाताणीत जगणारे मध्यमवर्गीय कुटुंब आहे. पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर मिस्टर बँक्स पत्नीला एक पर्याय देतात: चांगले, आरामाचे घर हवे की चार मुले, दोन्ही परवडणार नाही. त्यांचे घर त्या गल्लीतील सर्वांत लहान आहे आणि रंगकामाला आलेले आहे. हे घर प्रशस्त केले की त्या वाक्याचा आधार जातो आणि बापाची चिंता ही केवळ स्वभावाची रुक्षता ठरते. ट्रॅव्हर्स यांना हे कळत होते. त्यांचा स्वर कडवट असेल, पण म्हणणे अचूक होते.

पतंग

२०१३ च्या चित्रपटाच्या मध्यभागी एक प्रसंग आहे. मुलांनी दाईसाठी लिहिलेली जाहिरात मिस्टर बँक्स फाडून टाकतात, हे पटकथेत ऐकताना ट्रॅव्हर्स कोसळतात. ते इतके क्रूर का, असे विचारतात. त्यानंतर गीतकार आणि पटकथाकार नवा शेवट घेऊन येतात, ज्यात मिस्टर बँक्स मुलांचा मोडका पतंग दुरुस्त करतात, आणि पतंगाचे गाणे सुरू होताच इतके दिवस ताठ बसलेली लेखिका डाग्राडी यांच्याबरोबर नाचू लागते. भावनेच्या दृष्टीने हा चित्रपटाचा कळस आहे. आणखी एका ठिकाणी बँकेविषयीच्या गाण्याची तालीम आणि गावच्या जत्रेत दारूच्या अमलाखाली भाषण करणारा बाप ही दोन दृश्ये एकमेकांत गुंफली आहेत. बापाची भूमिका करणाऱ्या कॉलिन फॅरेल यांचे ते अडखळणारे हसू, खाली उभ्या मुलीचे त्याच्यावर खिळलेले डोळे आणि वर चढत जाणारी लय यांचे संकलन मी आजवर पाहिलेल्या उत्तम संकलनांत गणतो. रचलेली घटना आतले सत्य कसे दाखवू शकते, याचा तो नमुना आहे.

पतंगाच्या गाण्याची खरी हकिकत मात्र वेगळी आहे आणि चित्रपटात ती नाही. शर्मन बंधूंचे वडील अल शर्मन हे स्वतः गीतकार होते आणि त्यांना पतंग बनवण्याचा छंद होता. सुटीच्या दिवशी ते शेजारपाजारच्या मुलांना पतंग करून देत. ते गाणे त्या आठवणीतून जन्मले. म्हणजे १९६४ च्या चित्रपटाच्या शेवटी मिस्टर बँक्स जो पतंग हातात घेतात, तो मुळात शर्मन यांच्या वडिलांचा आहे. २०१३ च्या पटकथेने दोन बाप घेतले: ऑस्ट्रेलियात व्यसनाने संपलेले ट्रॅव्हर्स गॉफ आणि कॅन्सस सिटीत कडाक्याच्या थंडीत आपल्या लहान मुलांकडून घरोघर वर्तमानपत्रे टाकून घेणारे वॉल्ट यांचे वडील इलायस डिस्ने. तिसरा बाप, ज्याने काही उद्ध्वस्त केले नाही, फक्त पतंग बनवले, तो गळाला. मला ही गळती सूचक वाटते. निर्मितीचा उगम दुःखातच असला पाहिजे असे या चित्रपटाचे गृहीतक आहे, आणि सुखी आठवणीतून आलेले गाणे त्या गृहीतकात बसत नाही.

याच गृहीतकापायी लेखिकेच्या प्रत्येक हरकतीला एक जखम जोडली जाते. हॉटेलच्या खोलीत ठेवलेली नासपतीची फळे त्या खिडकीतून फेकतात, कारण वडील वारले तेव्हा ही फळे आणायला गेल्या होत्या. मिशी नको, कारण वडिलांना मिशी नव्हती. आईने पाण्यात जीव देण्याचा प्रयत्न केल्याचा प्रसंगही येथे आहे, आणि तो वडिलांच्या हयातीत घडतो. ट्रॅव्हर्स यांनी उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणीत तो वडिलांच्या मृत्यूनंतरचा, न्यू साउथ वेल्समधील बाऊरल येथील आहे: आई पावसाळी रात्री ओढ्याकडे निघून गेली, आणि मागे राहिलेल्या मोठ्या मुलीने धाकट्या बहिणींना जवळ घेऊन एका जादूच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट सांगत रात्र ढकलली. चित्रपटात मुलगी स्वतः पांढऱ्या घोड्यावर बसून आईला परत आणायला जाते. घोडा पडद्यावर आला, गोष्ट सांगणे मात्र राहून गेले. एका कथाकार स्त्रीवरील चित्रपटात ती कथा सांगू लागल्याचा क्षणच नसावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

ही पटकथा कोठून आली

स्टुडिओने आपल्या संस्थापकाची प्रतिमा उजळण्यासाठी ही कथा लिहवून घेतली, असा आरोप बऱ्याचदा केला जातो. घटनांचा क्रम पाहता तो टिकत नाही. या प्रकल्पाचे मूळ ऑस्ट्रेलियात आहे. निर्माते इयन कॉली यांनी २००२ मध्ये ट्रॅव्हर्स यांच्यावर एक माहितीपट केला, त्यातून कथापटाची कल्पना निघाली, सू स्मिथ यांनी पहिला मसुदा लिहिला आणि पुढे केली मार्सेल यांनी त्याची पुनर्रचना केली. स्मिथ यांच्या मसुद्यात ट्रॅव्हर्स आणि त्यांचा दत्तक मुलगा यांच्या नात्याचे उपकथानक होते. मार्सेल यांनी ते काढून कथा दोन धाग्यांत बांधली, एक १९६१ चा आणि दुसरा बालपणाचा. ही पटकथा २०११ मध्ये हॉलिवूडमधील न निघालेल्या उत्तम पटकथांच्या ‘ब्लॅक लिस्ट’ यादीत झळकली, आणि २०१२ मध्ये ती स्टुडिओने घेतली. गाणी, पात्रे, चित्रफिती या सर्वांचे हक्क त्याच स्टुडिओकडे होते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला हा चित्रपट काढणे व्यवहारतः अशक्य होते.

मुलगा वगळण्याचा परिणाम मला मोठा वाटतो. १९६१ मधील ट्रॅव्हर्स या केवळ कोणाची तरी मुलगी नव्हत्या. त्या विशीत पोहोचलेल्या एका तरुणाच्या आई होत्या, कवी विल्यम बटलर येट्स आणि जॉर्ज विल्यम रसेल यांच्या सहवासात घडलेल्या लेखिका होत्या, पुराणकथा आणि अध्यात्म यांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. हे सर्व काढून टाकल्यावर पडद्यावर उरते ती वडिलांची वाट पाहणारी एक मुलगी, जिला समजूतदार पुरुषाने हात धरून बाहेर काढायचे आहे. डिस्ने यांच्या बाजूने झालेली सफाई त्यामानाने किरकोळ आहे. ते सतत सिगारेट ओढत आणि १९६६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. चित्रपटात त्यांची भूमिका करणारे टॉम हँक्स एकदा सिगारेट विझवताना दिसतात, ओढताना नाही. चरित्रपट एखाद्या माणसाची सवय लपवतो, याहून तो एखाद्या माणसाचे अर्धे आयुष्य वगळतो ही गोष्ट गंभीर आहे.

अश्रूंचा अर्थ

आता पुन्हा त्या प्रेक्षागृहात येऊ. २०१३ च्या चित्रपटात पतंगाच्या दृश्याला ट्रॅव्हर्स रडतात, आणि मागे बसलेले डिस्ने हलक्या आवाजात दिलासा देतात की मिस्टर बँक्स यांचे सारे ठीक होणार आहे. रडणे हे येथे सुटकेचे चिन्ह आहे. एमा थॉम्पसन यांनी हे दृश्य ज्या संयमाने केले आहे त्यापुढे क्षणभर सगळे आक्षेप विरून जातात, हे मी मान्य करतो.

रिचर्ड शर्मन यांच्या आठवणीप्रमाणे त्या रात्री खेळानंतरच्या मेजवानीत ट्रॅव्हर्स डिस्ने यांच्याकडे गेल्या आणि ॲनिमेशनचा भाग काढावा लागेल असे म्हणाल्या. डिस्ने यांनी आता वेळ निघून गेली आहे अशा आशयाचे उत्तर दिले आणि ते निघून गेले. ज्या कराराने त्यांना पटकथेवर अधिकार दिला होता, त्याने पूर्ण झालेल्या चित्रपटावर दिला नव्हता. चित्रपट कागदावर जितका ठरतो त्याहून जास्त चित्रीकरणात, वेशभूषेत, नटाच्या चेहऱ्यात आणि संकलनाच्या टेबलावर ठरतो. ज्यूली अँड्र्यूज यांची मेरी पॉपिन्स कडक बोलते, पण तिच्या डोळ्यांतले हसू लपत नाही. ते हसू कोणत्याही पटकथेत लिहिलेले नसते, म्हणून कोणत्याही संमतीच्या अधिकाराखाली येत नाही. ट्रॅव्हर्स यांच्या हातून पुस्तक निसटले ते तिथे. पतंगाच्या दृश्यातली त्यांची समजूत घडलेली असो वा नसो, पूर्ण झालेल्या चित्रपटाशी त्यांनी पुढे कधीच पूर्ण समेट केला नाही. १९७७ मध्ये रेडिओवरील मुलाखतीत त्या म्हणाल्या की आपण त्याच्यासह जगायला शिकलो आहोत, आपल्या परीने तो चांगला चित्रपट आहे, पण आपल्या पुस्तकांसारखा तो फारसा नाही. हे मला विचारपूर्वक केलेले मूल्यमापन वाटते, आणि त्यात कुठेही बापाचा उल्लेख नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे. १९६४ च्या चित्रपटाला तेरा ऑस्कर नामांकने आणि पाच पुरस्कार मिळाले, तो जगभर पाहिला गेला, आणि ५ टक्के वाट्यामुळे ट्रॅव्हर्स यांचे आयुष्य आर्थिकदृष्ट्या सुखकर झाले. चित्रपट पाहून लाखो मुले पुस्तकाकडे वळली असणार. शिवाय आपल्या शब्दांना हात लावू न देणाऱ्या या लेखिकेने पहिल्या पुस्तकातील एक प्रकरण, त्यातील वंशविषयक चित्रणावर आक्षेप आल्यानंतर, १९८१ मध्ये स्वतः बदलले आणि माणसांच्या जागी प्राणी घातले. म्हणजे बदल हीच गोष्ट त्यांना नामंजूर होती असे नाही. बदल कोण करतो आणि पुस्तकाला आतून ओळखून करतो का, याविषयी त्या आग्रही होत्या.

तिसरे रूपांतर

म्हणूनच या प्रकरणात रंगभूमीवरील संगीतिकेचा समावेश करणे आवश्यक आहे. निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांनी १९९० च्या दशकात ट्रॅव्हर्स यांच्याकडून रंगमंचीय हक्क मिळवले, तेव्हा त्यांनी घातलेली अट १९६० च्या अटीपेक्षा वेगळ्या जातीची होती: लिहिणारे इंग्रज असावेत आणि जुन्या चित्रपटाशी संबंधित कोणीही नव्या निर्मितीत थेट नसावे. संहिता वाचून संमती देण्याचा हक्क मागण्यापेक्षा संहिता कोणी लिहावी हे त्यांनी आधीच ठरवून टाकले. त्या २३ एप्रिल १९९६ रोजी वारल्या आणि संगीतिका २००४ मध्ये ब्रिस्टल व नंतर लंडन येथे रंगमंचावर आली. शर्मन बंधूंची जुनी गाणी त्यात राहिली, पण संहिता ज्युलियन फेलोज यांची आणि नवी गाणी जॉर्ज स्टाइल्स व अँथनी ड्रू यांची. मिसेस बँक्स मताधिकाराच्या कार्यकर्त्या राहिल्या नाहीत. पुस्तकातील उद्यानातला जिवंत होणारा संगमरवरी मुलगा आला, आणि मिस्टर बँक्स यांना लहानपणी धाक घालणारी मिस अँड्र्यू ही कर्दनकाळ दाईही आली, जिच्यामुळे बापाच्या रुक्षपणाला पुस्तकातूनच कारण मिळते. बाप सुधारण्याचे सूत्र येथेही आहे, ते आता कोणालाच सोडवत नाही. तरी या बापाची ओळख ट्रॅव्हर्स यांच्या पानांवरून झालेली आहे.

‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’ संपतो, नावे वर सरकू लागतात, आणि तेव्हा १९६१ च्या त्या फितींपैकी एक ऐकू येते. पटकथेचा मजकूर वाचला जात असतो; ट्रॅव्हर्स मध्येच थांबवतात, काय हवे आणि काय नको ते सांगतात, आणि काम पुढे सरकते. त्या आवाजात रडू नाही, नासपती नाहीत, नदी नाही. पान समोर ठेवून काम करणारी एक लेखिका आहे, आणि दिग्दर्शक जॉन ली हॅनकॉक यांनी तो आवाज ठेवला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कारण मागच्या दोन तासांत जे सांगितले गेले ते त्या आवाजाशी ताडून पाहण्याची सोय त्यांनी स्वतःच करून दिली आहे.